मागावर

ग्लेनिस मला हाक मारते ती 'स्लूथ' म्हणून,
चहाचा मग टेबलावर आपटून, हसत.
विमा कंपन्यांसाठी माणसांवर डोळा ठेवून बसायचं,
बसायचंच, पळायचं कधीच नाही,
या नोकरीला एवढा दिमाखदार शब्द!
एका रात्री गाडीत बसल्याबसल्या कोश चाळला:
स्लूथ म्हणजे आधी माणूस नव्हताच.
उत्तरेकडच्या जुन्या बोलीत ती नुसती खूण होती,
जनावर निघून गेल्यावर चिखलात उरलेली.
मग ती हुंगणारा कुत्रा.
कुत्र्यानंतर आम्ही.

म्हणजे माग.
हसूच आलं. काच धुरकटली.
इचलकरंजीत आमच्या गल्लीत अठ्ठावीस माग होते,
त्यातले दोन अण्णांचे, एक गहाण.
'अण्णा कुठायत?'
'मागावर.'
कुणाच्या, असं कुणी विचारत नसे.

हेरणं मी तिथंच पाहिलं.
अण्णा डोळे मिटून उभे राहायचे
आणि दोन हजार उभ्या धाग्यांतून
तुटलेला एक हेरायचे, कानानं.
मग कान गेले.
मग आई नुसत्या ओठांनी बोलायला लागली
खडखडाटाच्या पलीकडून:
भाजी काय करू. व्यापारी आलाय. पोरीची फी.
पाटीवरच्या अक्षरांआधी मी ओठ वाचायला शिकले.
आता त्याचेच तासाला साडेतेरा पौंड मिळतात.

डेरेक बर्टविसल, वय अडुसष्ट,
बसच्या जिन्यावरून पडला, उजवा खांदा निकामी,
निदान दाव्यात तरी.
नऊ दिवस मी बर्नलीच्या त्या उतारावर
करड्या गाडीत, हँडब्रेक करकचून ओढून.
तो पाव आणतो. डाव्या हातानं.
शेजारणीच्या मांजराला शिव्या घालतो,
त्यातल्या दोन मला नव्या होत्या.
धागेदोरे म्हणावेत असं काही नाही.

दहाव्या दिवशी, बुधवारी, तो गिरणीत गेला.
गिरणी म्हणजे आता तिकीट लावून दाखवतात ती;
शाळेची पोरं, कानांवर हात.
मीही तिकीट काढलं, पावती जपून ठेवली.
आणि पट्टे फिरले, फरशी थरथरली,
तळपायांतून वर चढत आलं
ते सगळं घर.
तो मागावर. मी मागावर.
असलं वाक्य लिहायला टिपणवहीत ओळ नव्हती.

११.४०: उजवा हात खांद्याच्या वर. दोनदा.
११.४३: त्याचा धोटा थांबला. धागा तुटला असणार.
बाकीचे माग धडधडतच होते.
त्यानं मान वर केली, पोरांच्या डोक्यांवरून
सरळ माझ्याकडे पाहिलं,
आणि आवाज न काढता म्हणाला:
'करड्या गाडीतली ना तू?
काच जरा खाली ठेवत जा. धुरकटते.'

चाळीस वर्षं हजारांतून एक हेरलेला माणूस.
आणि मी समजत होते, हेर मी आहे.

हनुवटीनं त्यानं तुटलेलं टोक दाखवलं.
'खांदा,' ओठ म्हणाले, 'आजच्यापुरता संपला.'
खरं की खोटं, तेवढं ओठांवरून कळत नाही.
मी दोर ओलांडला.
बोटांनी मला न विचारता
कोष्ट्याची गाठ मारली, उरलेलं दातानं तोडलं.
त्यानं ती नखानं ओढून पाहिली,
अण्णा ओढायचे तशी, जरा संशयानं.

अहवालात वेळ लिहिली, हात लिहिला,
दोनदा हेही लिहिलं. पगार त्याचाच आहे.
शेवटचे रकाने:
पाळतीखालील व्यक्तीशी संपर्क आला का?
होय.
स्वरूप?

मराठीत एक शब्द पुरला असता: गाठ.
पडली तीही, मारली तीही.
इंग्रजीत त्याचे दोन होतात
आणि रकाना जेमतेम बोटभर.
मी एकच लिहिला.

ग्लेनिसनं वाचलं, चष्मा काढला,
पुसला,
पुन्हा वाचलं.